अकरा जणींचा संघ

गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून फोन आला. स्मरणिका काढायची आहे, मुलींच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास तुम्ही लिहून द्या, पहिल्या संघाच्या कॅप्टन तुम्हीच होतात. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या डोक्यात चक्र सुरू झालं. मलाच का? माझ्यानंतर कितीतरी चांगल्या मुली खेळून गेल्या. त्यांनी नाही म्हटलं असणार. किंवा कुणाला तरी माझ्याकडून काहीतरी वदवून घ्यायचं असणार. माझा नवरा म्हणतो, तुला कुणी नमस्कार केला तरी तू आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतेस. खरं आहे. मी शाळेत पीटी शिकवते, पोटात दुखतंय म्हणून सावलीत बसणाऱ्या पोरी रोज बघते. त्यामुळे मुळातली सवय आणखीच मुरली आहे.

जुनी फाईल बघायला विद्यापीठात गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी चहा मागवला, तर मला त्या चहाचाही संशय आला. कचेरीत पहिल्याच भेटीत चहा मिळत नसतो. त्यांनी पहिल्या वर्षाची यादी माझ्यासमोर सरकवली आणि बोट ठेवून नावं मोजली.

"मॅडम, अकराच हायती की. संघ बारा जणींचा असतोय न्हवं? टाईप करताना एक नाव गळालं काय?"

"एक जण आजारी पडली होती," मी म्हटलं.

यादीबरोबरच्या अहवालातही तेच लिहिलेलं होतं. पण बारावी आजारी नव्हती. तिला मी घालवलं होतं. आणि ते बरोबरच केलं, असं तो चहा पितानासुद्धा मला वाटत होतं.

आमचा पहिला संघ म्हणजे इकडून तिकडून गोळा केलेल्या पोरी. लहानपणापासून बास्केटबॉल खेळलेल्या आम्ही तिघीच. बाकीच्या खो-खोतून आणि हँडबॉलमधून उचललेल्या. खो-खोच्या पोरी चेंडू हातात आला की तो पोटाशी धरून सरळ पळत सुटायच्या, मध्ये टप्पे द्यायचे असतात हे त्यांच्या ध्यानातच राहायचं नाही. आमचे प्रशिक्षक सर शिट्टी वाजवून वाजवून दमायचे. हँडबॉलवाल्या बास्केटवर असा चेंडू हाणायच्या की बोर्ड थरथरायचा.

सगळ्यांत उंच होती ती सांगोल्याकडची. तिच्या घरी डाळिंबाची बाग होती आणि तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. खेळायला बाहेरगावी जायला सक्त मनाई. म्हणून स्पर्धेआधीच्या दहा दिवसांच्या शिबिराला ती घरी 'कॉम्प्युटरचा कोर्स' सांगून आली होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं.

तिच्या जागेवर राखीव होती ती बारावी. विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू, वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. डावखुरी होती. ती डाव्या बाजूनं बास्केटकडे घुसली की तिला अडवणं आमच्यात कुणालाच जमायचं नाही, मला तर नाहीच. बोलायची कमी. तेव्हा आमच्यात दोघींकडेच मोबाईल होते, त्यातला एक तिचा. संध्याकाळी ती होस्टेलच्या गच्चीवर जाऊन तेलुगूत बोलत राहायची. काय बोलते ते आपल्याला कळत नाही, एवढ्यावरच माझं तिच्याविषयीचं निम्मं मत झालेलं होतं.

शिबिराच्या सातव्या दिवशी सकाळच्या सरावात मैदानाच्या कडेला एक जीप येऊन थांबली. सांगोलेवालीचा चुलता उतरला. ओरडला नाही, काही नाही.

"आमाला समदं कळलंय. चल, गप गाडीत बस."

तिला बूटसुद्धा बदलू दिले नाहीत. जाताना ती आमच्याकडे एकेकीकडे बघत गेली, सावकाश, जणू मोजत होती. ती नजर माझ्या डोक्यातून जाईना. कुणी सांगितलं? आमच्यातल्याच कुणीतरी.

शोधायला मला दुपारपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. सांगोलेवाली गेल्यावर कुणाची जागा पक्की होणार होती? आणि तिच्या घरचा नंबर कुणाजवळ होता? मी सगळ्यांच्या देखत बारावीचा मोबाईल मागून घेतला आणि बघितला. आदल्या संध्याकाळी सांगोल्याच्या नंबरवर फोन गेलेला होता, चांगला सहा मिनिटं.

"मी फोन दिला हुता, केला न्हवता," ती म्हणाली. "तीच रोज आईला बोलायची. कोर्स चाललाय म्हणून सांगायला."

"हे आता विचारायचं कुणाला? ती तर गेली."

तिनं मोबाईलसाठी नुसता हात पुढे केला. गप्प बसली म्हणजे कबूल आहे, असा मी सरळ अर्थ लावला. बाकीच्यांना घेऊन सरांकडे गेले आणि सांगितलं, ही असेल तर आम्ही खेळणार नाही. सर भला माणूस, पण जागेवर उभ्या उभ्या संघ मोडताना बघवेना त्यांना. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पाठवलं, घरी द्यायच्या चिठ्ठीत आणि अहवालात 'आजारी' लिहिलं आणि सांगोलेवालीच्या जागी आयत्या वेळी एक नवखी मुलगी घेतली. आम्ही अकरा जणी गेलो आणि पहिल्याच सामन्यात सडकून मार खाऊन परत आलो. परतताना गाडीत त्याचंही खापर बारावीवर फोडलं.

एवढा इतिहास काही स्मरणिकेत लिहायचा नव्हता. अकरा नावं घालून मी मोकळी होणार होते. फक्त आम्ही निघालो कधी, ती तारीख हवी होती, म्हणून पुन्हा कचेरीत जाऊन त्या वर्षीचं जावक रजिस्टर काढायला लावलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची त्यात नोंद असते.

शिबिराच्या तिसऱ्या दिवसाच्या तारखेखाली ओळीनं बारा नोंदी होत्या. 'पालकांचे अभिनंदन. आपल्या पाल्याची विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याबद्दल.' बारा घरांचे बारा पत्ते. पाचवा पत्ता सांगोला तालुक्यातला. अक्षर माझं होतं.

खरं सांगते, आधी वाटलं कुणीतरी माझ्यासारखं अक्षर काढलंय. मग एकेक आठवायला लागलं. सर म्हणाले होते, तुझं अक्षर बरं आहे, एवढी पाकिटं लिहून दे आणि रजिस्टरलाही तूच चढव. पहिलाच संघ, आईवडिलांना विद्यापीठाचं पत्र जायला पाहिजे, ही त्यांचीच हौस. मी दुपारभर टेबलावर बसून वळणदार अक्षरात बारा पाकिटं लिहिली होती. सांगोल्याचा पत्ता लिहितानाही माझा हात थांबला नव्हता. ज्या घरी काही कळू द्यायचं नाही म्हणून मी सगळ्यांकडून शपथ घेतली होती, त्याच घराच्या पत्त्यावर मी पिन कोडसुद्धा विसरले नव्हते.

बारावीचा ठावठिकाणा काढायला आठवडा गेला. ती कुंभारीत राहत होती, कामगारांच्या घरकुलांत. दारात खुर्चीवर म्हातारे वडील बसलेले, आत ती मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होती. मला बघून पायडल थांबलं.

"कॅप्टन," ती म्हणाली. एवढंच.

तिनं पाणी दिलं. पाणी देते म्हणजे हिच्या मनात काय असेल, हा विचार तेवढ्यातही माझ्या डोक्यात येऊन गेला, आणि मला माझीच किळस आली. बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रजिस्टर, पाकिटं, पिन कोड. ती ऐकताना हातातल्या टॉवेलचे दोरे तोडत होती.

"मग तवाच तिला विचारायचं हुतंस की," ती म्हणाली. "सांगोला काय परदेशात हाय व्हय?"

"चुकलं माझं. फार चुकलं."

"तू चुकलीस. कॉलेज माझं सुटलं." तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "सरांच्या चिठ्ठीत आजारी म्हणून लिहिलेलं, आन मी धडधाकट दारात उभी. बापाला काय वाटलं असंल? लगीन न झालेल्या पोरीला आजारी म्हणून घरी लावून देतात, ते कशापायी? त्यांनी मला एका शब्दानं विचारलं न्हाई. पर दुसऱ्या दिवसापास्नं कॉलेज बंद. अजून बी त्यांच्या मनात तेच हाय."

हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. संशय काय तो मलाच घेता येतो, असं मी धरून चालले होते.

"पुस्तकात नाव घालते तुझं," मी म्हटलं.

"घाल. पर आजारी म्हणून न्हाई. का आले न्हाई ते लिही. आन आदी तितं जाऊन त्यांना सांग."

मी दारात गेले. म्हाताऱ्यांसमोर पायरीवर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं, ती आजारी नव्हती, मी तिच्यावर खोटा आळ घेतला आणि तिला हाकलायला लावलं. ते रस्त्याकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ती पाकिटं तू लिवली हुतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्याकडं बी आलं हुतं त्यातलं एक. विद्यापीठाचा शिक्का असलेलं." "ते खिशात घालून दोन दिस हिंडलो मी. कारखान्यात समद्यांना दाखवलं. पेढे वाटले. तिसऱ्या दिशी ही बॅग घिऊन दारात हुबी."

आत मशीन बंदच होतं. ती दाराच्या चौकटीशी येऊन उभी होती. त्यांनी मान वळवून तिला तेलुगूत काहीतरी विचारलं. ती नाही म्हणाली, तेवढं मला कळलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि या खेपेला तोंडावर पदर धरून ती आत गेली.

म्हाताऱ्यांनी गुडघ्यांवर हात घासले. मग माझ्याकडे वळले.

"पुस्तकात छापून येणार म्हणतीस?"

"येणार. मी लिहीन तसंच, नाहीतर माझं नाव काढा म्हणून सांगणार आहे."

"मग चार पुस्तकं आणून दे," ते म्हणाले. "पेढे खाल्लेल्यातले चौघं अजून हायत."