राहात्याची बल्गेरियन वहिनी

कुठेही रांग दिसली की ती आधी जाऊन उभी राहायची आणि मग पुढच्या माणसाला विचारायची, "काय मिळतंय हितं?" एकदा अशीच बँकेसमोर बराच वेळ उभी होती. ती रांग निराधार पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांची होती. सगळे हसले, तीही हसली. "आमच्याकडं आसंच हुतं," म्हणाली, "आधी रांग, मग इचार."

तिचा नवरा आमच्याच गल्लीतला. बल्गेरियाला डॉक्टरकी शिकायला गेला आणि काही वर्षांनी हिला घेऊन परतला. मराठी ती दवाखान्यात येणाऱ्या बायांकडून शिकली, त्यामुळे डोळे निळे आणि तोंडात 'लई' अन् 'न्हाई'. राहात्याच्या बाजारात तिला मेथीच्या जुडीवरून घासाघीस करताना तुम्ही पाहिलं असतंत, तर तुम्हीही थांबला असतात. सगळेच थांबायचे. मला तेच सहन व्हायचं नाही.

ती येण्याआधी गल्लीत माझ्या पेरूच्या जेलीचं नाव होतं. बचत गटाची अध्यक्षही मीच. हिने पेरूच्या फोडी पाकात घालून बरण्या भरल्या आणि एक आमच्या घरी आणून दिली. माझ्या स्वयंपाकाला 'बरं झालंय' यापलीकडे कधी न गेलेल्या माझ्या सासूबाई बोट चाटत म्हणाल्या, "पोरीच्या हाताला चव हाय."

पोरीच्या. मला त्यांनी जन्मभर 'अगं' म्हणूनच हाक मारली.

मग गटाने पेरूचा गर काढायचं मशीन घेतलं. वर्षभरात शिर्डीचा एक व्यापारी आला. मशीन आणि गटाचं नाव मला विका, तुम्ही नुसत्या कामाला या, म्हणाला. प्रत्येकीच्या हातात रोख रक्कम पडणार होती. बाया खूश झाल्या. मीही तयार होते. माणूस सभ्य होता, आणि माझ्या जेलीचं त्याने दोनदा कौतुक केलं होतं.

आमच्या ओसरीवर बैठक बसली. मी बोलून झाल्यावर ती उठली.

"माजा बाप बरण्या भरायच्या फॅक्टरीत हुता," ती म्हणाली. "फॅक्टरी सरकारची. मंग ते सरकार गेलं, बाजार आला. कामगारांना कागद दिलं, फॅक्टरी आता तुमची हाय म्हनून. आमी त्या रात्री नाचलो. मंग एक जन आला. लई गोड बोलायचा. त्यानं समद्यांचं कागद इकत घेतलं. बापानं त्या पैशात मला बूट आनलं."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मंग त्यानं मशीनं भंगारात काडली आन गेटाला कुलूप लावलं. बाप रोज सकाळी डबा घेऊन गेटासमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसायचा. बूट लई चांगलं हुतं, ताई."

हे शेवटचं ती माझ्याकडे बघून म्हणाली. बाकी कुणी माझ्याकडे पाहिलंच नाही. हात वर झाले ते तिच्या बाजूने.

मशीन राहिलं. आज आमचा माल शिर्डीच्या दुकानांत आमच्याच नावाने जातो. लायसन्स, बाटल्या, लेबलं सगळं मी बघते, आणि लोक अजून म्हणतात, वहिनींमुळे गट वाचला. त्या व्यापाऱ्याने खरंच कुलूप लावलं असतं का, हे कुणाला ठाऊक? पण हे मी बोलले की बाया बरण्या पुसायला लागतात.

मागच्या वर्षी तिचा बाप अंथरुणाला खिळला. तिच्या डॉक्टर नवऱ्याला दवाखाना सोडता येईना, म्हणून ती एकटीच गेली, हिवाळ्यापुरती. निघताना सगळ्या बायांना दारातच भेटली; माझ्याकडे मात्र आत स्वयंपाकघरापर्यंत आली. "मशीन तुमीच बगा," म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा मला भरवसा न्हाई."

हिवाळा सरला. बाप अजून आहे, आणि तीही तिकडेच आहे.

परवा तिने मोबाईलवर फोटो पाठवला. अंगणात मोठं पातेलं चुलीवर चढवलंय, भोवती बरण्या मांडल्यात, आणि ती खळखळून हसतेय. शेजारी माझ्याच वयाची एक बाई तिच्या खांद्यावर हात टाकून उभी आहे.

फोटो छान आहे, असं मी कळवलं. ती बाई कोण, हे मी विचारलं नाही.