अण्णांची बाजू

आमच्या घरात वाद जिंकायची एकच रीत होती, आवाज. अण्णा, म्हणजे माझे वडील, यशवंतपूरच्या मार्केट यार्डात वाळलेल्या मिरचीचे ठोक व्यापारी. लॉऱ्यांच्या घरघरीवर चढवून बोलायची सवय. घरी जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारच्या अक्का खिडकीत यायच्या. मी त्यांची एकुलती एक मुलगी, माझाही घसा काही कमी नव्हता. आई म्हणायची, तुम्ही दोघं भांडायला लागलात की जे. पी. नगरातली कुत्रीसुद्धा गप्प बसतात.

हीच रीत घेऊन मी कॉलेजात फ्रेंचच्या वर्गात गेले आणि तोंडावर आपटले.

बी.ए.ला फ्रेंच का घेतलं, याचं धड उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. कॉमर्सला जायचं नव्हतं, एवढं नक्की. पहिलं वर्ष उच्चारांत गेलं. त्यांचा तो घशातला र साधावा म्हणून मी तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर उभी राहून खाकरायची. अण्णा विचारायचे, मिरची मी विकतो, खोकला हिला कसा? संस्कृतीच्या तासाला आम्ही चीजची नावं घोकली; त्यातल्या एकाचीही चव वर्गात कुणाला ठाऊक नव्हती. दुसऱ्या वर्षी इतिहास आला आणि त्याच्याबरोबर फ्रेंच पद्धतीचा निबंध.

आमच्या मॅडम पाँडिचेरीच्या, निवृत्तीला टेकलेल्या, आवाज इतका हळू की पुढच्या बाकासाठी भांडणं व्हायची. त्यांनी प्रश्न दिला, फ्रेंच राज्यक्रांती भुकेमुळे झाली की विचारांमुळे? मी पेटूनच लिहिलं. विचारांमुळेच, पाच पानं. पावासाठी राजवाड्यावर चालून गेलेल्या बायकांना दोन ओळींत वाटेला लावलं. वीसपैकी सात मिळाले.

मी तावातावाने मॅडमांकडे गेले. त्या म्हणाल्या, हे भांडण झालं, निबंध नव्हे. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनाही तीन भाग करायला शिकवतात. आधी आपलं म्हणणं, मग त्याच्या उलट म्हणणं, शेवटी दोन्हींतून पुढे काय निघतं ते. आणि दुसरा भाग खोटा चालत नाही.

"समोरच्याची बाजू त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकी चांगली मांड," त्या म्हणाल्या. "तोवर स्वतःची मांडायचा तुला हक्क नाही."

मला हे अजिबात पटलं नाही. समोरच्याच्या हातात आपणच कशाला काठी द्यायची? पण मार्कांसाठी झक मारत शिकले. त्या बायकांबद्दल पुन्हा वाचलं, आणि पावसाचिखलातून इतकं चालत जाणारी बाई घरी काय बघून निघाली असेल, ते या वेळी लिहिलं. चौदा मिळाले. मॅडम चौदाच्या वर कुणालाच देत नसत.

तिसऱ्या वर्षी त्यांनीच मला एक फॉर्म आणून दिला. फ्रान्समधल्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला मदतनीस म्हणून जायचं होतं. मी हवेत तरंगतच घरी आले. अण्णांनी फॉर्म वाचला, उलटा केला आणि त्यावर चहाचा पेला ठेवला. पदवी झाली की दुकानात यायचं हे ठरलेलं आहे, म्हणाले. कुणी ठरवलं, मी विचारलं. मग काय, आवाज चढले. फ्रान्सवाले ब्याडगी मिरची खातात का, असं ते म्हणाले, आणि मी म्हणून गेले की सगळं जग काही तुमच्या पोत्यात मावत नाही. अण्णा चहा तसाच टाकून उठले. पुढचे आठ दिवस आमच्यातलं टपाल आईने वाहिलं.

फॉर्मवर वडिलांची सही लागत नव्हती. न विचारता पाठवता आला असता. पण त्यांचं मन मोडून गेले असते तर तिकडे मला एक घास गोड लागला नसता. मला त्यांचा होकार हवा होता, आणि फॉर्म पाठवायला जेमतेम महिना होता.

म्हणून मी निबंध लिहायला बसले. कागदाचे तीन भाग केले. पहिला झरझर लिहून झाला. दुसऱ्यावर 'अण्णा' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. इतकी वर्षं एका छपराखाली काढून या माणसाला दुकान माझ्याच हाती का द्यायचंय, हे मला सांगता येईना. लाज वाटली. आईला विचारलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, मला काय विचारतेस, जा की अंगडीत, बघ जाऊन. दुकानाला आमच्याकडे अंगडीच म्हणतात; कन्नडातून आलेला शब्द, कानडी मुलखात राहून पिढ्यान्‌पिढ्या घरचाच झालेला.

चार शनिवार मी मेट्रोने यशवंतपूरला गेले. पहिल्या शनिवारी अण्णांना वाटलं, पोरगी वळणावर आली. त्यांनी स्वतः स्टूल पुसून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बसले. शिंकत, नाकाला ओढणी लावून बघत राहिले. पोतं उघडलं की अण्णा मूठभर मिरची घेऊन दाबायचे, एक कानाशी हलवायचे, देठ मोडायचे, आणि माल वाळलाय की आत ओल आहे ते सांगायचे. मोठमोठे व्यापारी त्यांच्याकडे नुसते विचारायला यायचे. घरी गरजणारा हा माणूस तिथे हळू बोलत होता. तिसऱ्या शनिवारी पेन शोधायला त्यांचा खण उघडला, तर आत दम्याचा पंप होता. घरी याचा कुणाला पत्ता नव्हता. खण मी गुपचूप लावून टाकला.

चौथ्या शनिवारी हमाल जेवायला गेले तेव्हा मी कागद काढला. म्हटलं, अण्णा, तुमची बाजू मी सांगते, चुकलं तर थांबवा. त्यांनी हात पुसले.

"तुम्हाला दुकान चालवायला माणूस नकोय, माणसं मिळतात," मी म्हणाले. "तुमच्या हाताला जे कळतं ते तुमच्याबरोबर संपेल, याची तुम्हाला भीती वाटते. खणातला पंप मी पाहिलाय. दिवस थोडे आहेत, शिकवायला एकच पोर आहे, आणि ती दुसऱ्याच कुणाकडे शिकायला चाललीय."

त्यांनी मला थांबवलं नाही. पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, आता तुझी सांग.

मी कागदाचा पहिला भाग वाचायला घेतला. संधी, भविष्य, अनुभव. घरी झोकदार वाटलेले ते शब्द त्या मिरचीच्या खकाण्यात अगदी पोकळ वाटायला लागले. दोन ओळींवर थांबले. राहू दे, म्हटलं. नाटक नव्हतं ते. दुसरा भाग लिहिता लिहिता मी खरोखरच त्यांच्या बाजूला जाऊन बसले होते. कागदाची घडी केली.

"मग मी सांगतो," अण्णा म्हणाले. "कुणी सांगितलेलं नसताना पोरगी तीन वर्षं रोज सकाळी आरशापुढे उभी राहते. मी अठराव्या वर्षी या गादीवर बसलो, म्हणजे मला बसवलं. पुढे हाताला सगळं कळायला लागलं. पण तुला काय हवंय रे, असं कुणी विचारलं नाही. आणि मीही तुला विचारलं नाही."

एवढं बोलून त्यांनी खाली बघत सुतळी सोडवली. फॉर्म पाठव, म्हणाले. मी तिथेच पोत्यावर बसून ढसाढसा रडले. जेवून आलेल्या हमालाने पाण्याची बाटली पुढे केली, डोळ्याला हात लावू नको अक्का, म्हणाला.

मी गेले, वर्षभर राहिले, परत आले. आता इथल्याच एका कॉलेजात फ्रेंच शिकवते, आणि मुलांच्या निबंधांना चौदाच्या वर देत नाही. मुलं दुसऱ्या भागावर कुरकुरतात. मला अवघड वाटतो तो तिसरा. माझ्या त्या कागदावरचा तिसरा भाग मी कधी लिहिलाच नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं आणि अण्णांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मला एका शब्दाने विचारलं नाही, विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं देव जाणे. शेवटच्या दिवशी मी सोबत गेले. सगळा माल उचलला गेला होता, एकच पोतं उरलं होतं. अण्णा म्हणाले, डोळे मीट, आणि माझ्या हातावर मूठभर मिरची ठेवली.

मी मूठ दाबली. एक कानाशी हलवली, बियांचा आवाज ऐकला. पुन्हा दाबली. मला फार वाटत होतं की बरोबर यावं.

"वाळलेली," मी म्हणाले.

अण्णांनी त्यातली एक उचलून देठ मोडला.

"ओल आहे," ते म्हणाले. मग माझी मूठ स्वतःच्या हाताने हळूच मिटली. "सरी, ठीक आहे. तुझं तू नीट शिकव."

शटर जड होतं, आम्ही दोघांनी मिळून ओढलं.