माणशी बिल आणि आमचे भाऊबंद

२०२४ साल. मी बहात्तर वर्षांचा. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी मी आमचा केळीचा धंदा भर दुपारी बंद पाडला. ना वादळ, ना संप. नुसती नावं लिहून!

माझं शिक्षण चौथी. पण तेव्हाची चौथी! (आताच्या बी.कॉम.ला मी जवळ उभं करत नाही. सून वैशाली एम.कॉम. आहे, तिला मात्र करतो. करावंच लागतं.) रावेरच्या अलीकडं आमचं गाव. शेतकऱ्यांच्या बागेतली केळी कापायची, काट्यावर तोलायची, ट्रक भरून दिल्लीला धाडायची, हा आमचा धंदा. चाळीस वर्षं तो माझ्या डोक्यात चालला. मग वैशाली आली आणि तो कम्प्युटरमध्ये गेला. कुणाची बाग, किती वजन, कोणता ट्रक, सगळं त्यात. ट्रकवाल्याला चिठ्ठी पण त्यातूनच निघायची, चौकोनी ठिपक्यांचा शिक्का असलेली. ती नसली तर दिल्लीचा व्यापारी माल उतरवून घेत नाही.

"अन् हे बठ्ठं ठेवता कुठी?" मी विचारलं होतं.

"क्लाउडवर, आबा. म्हणजे कंपनीच्या मोठ्या कम्प्युटरवर. आपण भाडं भरतो. माणशी. त्यात जितकी नावं, तितक्यांचं. महिन्याच्या महिन्याला माझ्या कार्डातून आपोआप जातं."

नावं चार होती. मी, मुलगा, वैशाली आणि काट्यावरचा मापाडी. 'मालक' म्हणून माझं नाव लागावं म्हणून मी जेवण सोडलं होतं. (एका वेळेपुरतं. दुसऱ्या वेळी शेवभाजी होती. पण तोवर नाव लागलं!)

तर त्या दिवशी मुलगा दिल्लीत होता, आणि वैशाली भावाच्या साखरपुड्याला पाचोऱ्याला निघाली. पाय उंबऱ्यात ठेवून म्हणाली, "आबा, फक्त चिठ्ठ्या काढायच्या. बिलाच्या पानावर जायचं नाही. गेलात, तर मालकाचं नाव माझं लागेल."

"चाळीस वर्षं मालक आहे मी!"

"म्हणूनच सांगतेय."

ती गेली. अर्ध्या तासात माझा चुलत भाऊ सुपडू नाना आला, खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि कम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

"आबा, हे चार नावं कोनाचे?"

"काम करणाऱ्यांचे."

"माह्यं कुठी हाये?"

"तुह्यं काबरं असंल?"

"काबरं? पोराच्या लग्नपत्रिकेत मी चालतो, अन् धंद्यात चालत नाही?"

आता ज्याला आमच्याकडच्या लग्नपत्रिका माहीत नाहीत त्याला सांगतो. पत्रिकेत भाऊबंदाचं नाव राहिलं, तर तो मांडवात येतो पण जेवत नाही. जेवलाच, तर पुढं अकरा वर्षं बोलत नाही. माझ्या मुलाच्या पत्रिकेत निमंत्रक एवढे होते, की नवरीचं नाव शोधायला नवरीच्या बापाला भिंग आणावं लागलं. मग चार नावांची यादी मी कुणाला कोणत्या तोंडानं दाखवणार?

'सदस्य जोडा' असं बटण होतं. कंपनीनं स्वतःहून दिलेलं! मी दाबलं. नाव आणि मोबाईल नंबर मागितला. नाना लागला. नाना लागला म्हणून त्याचे दोन भाऊ लागले. ते लागले म्हणून त्यांच्याशी ज्यांचं वाकडं, तेही लागले. (नाहीतर मी यांच्या बाजूचा ठरलो असतो.) धुळ्याची आमची मोठी अक्का लागली. बाप तिचाही होताच ना! एकूण सदतीस नावं झाली. नाना खूश, मी खूश, कम्प्युटरही खूश. त्यानं विचारलं, 'बिल मासिक की वार्षिक?'

मी नानाकडं बघून हसलो. "महिन्याचं काय करायचं? आपण शेतावर सालदार कधी महिन्यावर ठेवला का? आखाजीला ठेवायचा तो वर्षभरासाठी!"

"सालदाराचं साल धरावं," नाना म्हणाला.

धरलं. सदतीस माणसांचं, वर्षभराचं, एकाच फटक्यात, वैशालीच्या कार्डातून! कार्डानं मान टाकली. लाल अक्षरात आलं, 'पैसे भरता आले नाहीत. दुसरा पर्याय निवडा.'

इथं शहाणा माणूस उठला असता. पण मी मालक होतो. मी आधी ते कार्डच पुसून टाकलं. (आपोआप पैसे जाणारं कार्ड म्हणजे उघडं ठेवलेलं कोठार, असं माझं मत.) खाली लिहिलं होतं, 'चेकने भरणार'. चेक म्हणजे सही. सही म्हणजे मालक. दाबलं.

कम्प्युटर म्हणाला, 'धन्यवाद. चेक जमा होईपर्यंत खाते थांबवले आहे.'

बाहेर तीन ट्रक भरून उभे. ऊन असं, की कुत्रं काट्याखालच्या सावलीतून हलेना. आणि चिठ्ठी निघेना.

"चाचा, पर्ची?" ट्रकवाला.

मी कागद घेतला आणि हातानं लिहून दिली. त्यानं ती सरळ बघितली, उलटी बघितली. "चाचा, ये दवाई की है क्या?"

मी कंपनीला फोन लावला. पोरगी गोड बोलत होती. "सर, सदतीस सदस्य! तुमचा व्यवसाय छान वाढलाय!"

"बाई, व्यवसाय नाही वाढला. भाऊबंद वाढले."

"मग सदस्य कमी करा, मासिक निवडा आणि कार्ड पुन्हा जोडा. लगेच सुरू होईल."

कार्ड पाचोऱ्यात! दोन तास मी वैशालीला फोन लावला नाही. केळीच्या घडांकडं बघत बसलो. हिरवा घड उन्हात नुसता बघून पिवळा होतो की काय, असं वाटायला लागलं. शेवटी तीन ट्रक माल वाया गेला तर गावात तोंड दाखवता येणार नाही म्हणून लावला. मागं सनई वाजत होती.

"वैशाली, तू बिलाच्या पानावर जायचं नाही म्हटलं होतं ना?"

"आबा! गेलात?"

"मी नाही गेलो. ते समोर आलं."

तिनं आधी सनई थांबवायला लावली. मग म्हणाली, "तुमच्या मोबाईलवर आकडा येईल, तो सांगा." मी ठणठणीत आवाजात सांगितला. एकही आकडा चुकला नाही! तिनं नवरीची ओटी भरायच्या जागी बसून, आपल्या मोबाईलवरून पाच मिनिटांत सगळं सरळ केलं. महिन्याचं बिल केलं, कार्ड जोडलं, जास्तीची नावं काढली. मापाड्यानं चिठ्ठ्या भराभर काढल्या. तीनला ट्रक गेले. मी सुटलो म्हणून ताकाचा गडवा तोंडाला लावला.

तेवढ्यात नाना मोबाईल नाचवत आला.

"हे काय? 'आपल्याला या व्यवसायातून काढण्यात आले आहे'! सकाळी घेतलं अन् दुपारी काढलं? असं तर जावयाले पण कोनी करत नाही!"

कंपनीनं काढलेल्या प्रत्येकाला मेसेज धाडला होता. सकाळी जोडल्याचा मेसेज एका अक्काशिवाय कुणीच वाचला नव्हता. काढल्याचा सगळ्यांनी वाचला! संध्याकाळपर्यंत ओटा भरला. एक पुतण्या म्हणाला, "आबा, मी चार तास भागीदार होतो. चार तासांचा हिस्सा द्या."

आणि धुळ्याहून अक्काचा फोन. "काय रे भाऊ, मना बापना धंदामा मनं नाव लागं, मी बठ्ठी गल्लीले सांगं. आते काढी टाकं? मी आखाजीले येवाव नही!"

आखाजीला माहेरवाशिणींनी येऊन झोके घ्यायचे, आणि ही येणार नाही! अठ्ठ्याहत्तर वर्षांची का असेना, ती नसली तर झोका बांधायचा कुणासाठी?  समजावलं, तर म्हणे, "तुनं नाव शे ना त्यामा? मंग झालं!" खरंच होतं. सगळ्यांना काढून मी एकटा मालक म्हणून आत बसलो होतो. कोण ऐकेल?

वैशाली रात्रीच परत आली, पण मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढं आला, तेव्हा मालकी, चाळीस वर्षं, मिशी, सगळं गिळून मी म्हणालो, "पोरी, माझंही नाव काढ. म्हणजे सगळ्यांना सांगता येईल, मलाही काढलं."

ती कपात बघत म्हणाली, "आबा, तुमचं तर कालच काढलं. सगळ्यांच्या आधी. सांगून गेले होते ना, मालकाचं नाव माझं लागेल म्हणून? मेसेज नाही वाचला?"

मी चष्मा लावला. होता! मी चप्पल घातली आणि चहा तसाच ठेवून बाहेर पडलो. नानानं तो मेसेज दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. अक्का फोनवर म्हणाली, "बिचारा शे मना भाऊ! मी येसू आखाजीले." बहात्तराव्या वर्षी लोक सत्काराचा फोटो घेऊन फिरतात. मी हकालपट्टीचा मेसेज घेऊन, धुळं सोडून, बाकीची बत्तीस घरं फिरलो, आणि प्रत्येक घरी चहा घेतला.