टाकी आणि टाकं

ती दुपार मला आजही आठवते. अकोले तालुक्यात, गडाच्या पायथ्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. रविवारी सकाळी दहाला फोन वाजला, तो मीच उचलला. "पाय मोडलाय... टाक्यापाशी पडलोय..." एवढंच बोलणं झालं आणि फोन बंद. पुन्हा लागेना. स्टेशन डायरीत मी स्वतः नोंद केली: अनोळखी इसम जखमी, पाण्याच्या टाकीपाशी.

लगेच जीप काढली. चार गावांतल्या टाक्यांपाशी शोधलं, माणूस कुठेच नाही. ऊन मी म्हणत होतं आणि माझा धीर सुटत चालला होता.

एक वाजता घरगुती जेवण देणाऱ्या एका मावशींनी जीप अडवली. "सायेब, गडावर फिरायला आलेले सकाळी न्याहारीला सात हुते. जेवाया सहाच आलेत. सातवे म्हातारे काका. 'मावशी, चपला सांभाळा, उतरल्यावर घालतो' म्हनले अन् बूट घालून गेले. चपला हितंच हायेत."

सहा जणांचा म्होरक्या जेवत होता. "काका एसटीने पुण्याला गेले," तो मान खाली घालूनच म्हणाला.

"चपला टाकून?"

"विसरले असतील."

मी त्याला ओट्यावर आणून चपला दाखवल्या. "काका दगावले तर पंचनाम्यात पहिल्या ह्याच लिहीन. बोल."

त्याचा चेहरा पडला. "साहेब, त्यांचा पाय मुरगळला, चालवेना. टाक्यापाशी बसवलं आणि आम्ही दुसऱ्या वाटेनं उतरलो. ती वाट बंद केलेली आहे, म्हणून कुठं बोललो नाही. वाटलं, येतील हळूहळू."

"कुठली टाकी?"

"टाकी नाही साहेब, टाकं. कातळात कोरलेलं, पाण्याचं."

मी चरकलोच. मी श्रीरामपूरकडचा, सपाटीवर वाढलेला. पाणी साठवायचं म्हणजे खांबांवरची टाकी, एवढंच मला माहीत.

"मला ठावं हाय त्ये टाकं," म्हणत मावशींनी पदर खोचला आणि पुढं झाल्या. आम्ही धापा टाकत मागे.

काका कातळाला टेकून बसले होते. जिवंत! आनंदानं मला रडूच फुटायचं बाकी होतं. ते क्षीण आवाजात म्हणाले, "साहेब, फोनवर टाक्यापाशी म्हणालो होतो मी."

"हो काका. म्हणाला होतात."

म्होरक्यावर गुन्हा दाखल झाला. पण माझ्या चुकीला कलम नव्हतं. सांगणाऱ्याचा शब्द आपल्या समजुतीप्रमाणे फिरवायचा नाही, हे मी तेव्हा शिकलो. संध्याकाळी डायरी उघडली, 'टाकीपाशी'वर रेघ मारली, वर 'टाक्यापाशी' लिहिलं आणि बाजूला सही केली.