खरवडलेल्या नावाचा डबा

मीरा आणि ओम,

महिनाभरापूर्वी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, कोरोनात तू पोलीस होतीस ना? मग तू काय केलंस?" शाळेतल्या बाईंनी घरच्या मोठ्या माणसांना विचारून यायला सांगितलं होतं. मी म्हणाले, "काठी घेऊन चौकात उभी होते." तुम्ही हसलात, मीही हसले आणि फोन ठेवला. ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही जड नव्हतं. पण यातली माणसं माझ्या कानात इंग्रजीत बोलत नाहीत. आईकडून वाचून घ्या.

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जागचं हललेलं नाही. नावं कोणाचीच लिहिणार नाही.

तेव्हा मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याची निरीक्षक होते. पहिली टाळेबंदी, मे महिना. एसटी बंद, महामार्ग मोकळा, आणि त्याच्या कडेने मुंबई-पुण्याहून गावाकडे चालत निघालेली माणसं. सकाळी हजेरी झाली की अर्धे कर्मचारी नाक्यावर, अर्धे बंदोबस्ताला. ठाण्यात ठाणे अंमलदार, मी आणि सॅनिटायझरचा वास.

एका सकाळी साठीच्या पुढची एक बाई फाटकाशी येऊन बसली. आठ किलोमीटर चालत आली होती, तिला दमा होता. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "म्याडम, माजा ल्योक मुंबईसनं चालत निगालाय. उंब्रजमधनं फोन केला हुता, म्हणला उंद्या दुपारपातूर येतो. आठ दिस झालं. फोन बी लागंना."

"गावात कोणी पाहिला का, मावशी?"

"समदी म्हणत्यात, आला न्हाई."

मिसिंग दाखल केली आणि दुसऱ्या दिवशी गावात गेले. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या, मागे एक ट्रॉली उभी. पहाऱ्याला गावातले एक वजनदार गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्या बाईचे ते शेजारीच.

"त्यो हिकडं आलाच न्हाई," आबा म्हणाले.

पुढे नऊ जणांना विचारलं. नऊही जण म्हणाले, "त्यो हिकडं आलाच न्हाई." खरं सांगणारी माणसं आपापल्या शब्दांत सांगतात. दहा तोंडांतून एकच वाक्य आलं की ते आधी ठरलेलं असतं.

परतताना गावाबाहेरच्या माळावर माणदेशाकडच्या एका धनगराचा मेंढरांचा वाडा बसलेला दिसला. टाळेबंदीत तोही अडकला होता आणि गावाने त्यालाही पाणंदीच्या अलीकडे येऊ दिलं नव्हतं. माझी जीप थांबली तसा तो स्वतःहून पुढे आला.

"हुडकताय त्यो मानूस त्या मोटरीच्या खोलीत व्हता," त्याने विहिरीकडे हात केला. "चार दिस. दुपारी ऊन तापलं, गाव निजलं, की येक बाई डबा ठिवून जायाची. पाचव्या दिशी त्यो डबा घिऊन हायवेकडं गेला. लय खोकत व्हता."

"गावात का नाही सांगितलंस?"

"गाव माज्याशी बोलतंय कवा?"

त्या दिवशीच शेजारच्या जिल्ह्याला बिनतारी संदेश गेला. उत्तर संध्याकाळच्या आत आलं. हद्दीपलीकडे, इस्लामपूरच्या अलीकडे, महामार्गाकडेला पडलेला एक अनोळखी माणूस रुग्णवाहिकेने सांगलीला हलवला होता. दोन दिवसांनी तो गेला. नियमाप्रमाणे प्रशासनाने अग्नीही दिला होता. सामानात एक बंद फोन आणि एक स्टीलचा डबा. फोन चार्ज केल्यावर ओळख पटली.

आईच्या हातात द्यायला माझ्याकडे अस्थींचं मडकं आणि त्याच्या सामानाची पिशवी होती. ती रडली नाही. पिशवीतला डबा काढून तिने उलटासुलटा पाहिला.

"ह्यो आमचा न्हाई."

मग तो परत पिशवीत ठेवत म्हणाली, "म्याडम, त्यो उपाशी गेला का?"

कागदावर माझा तपास तिथे संपला होता. मृताची ओळख पटली, नातेवाइकांना कळवलं. पण चार दिवस त्या डब्यात काय होतं, कोणी दिलं, हे कुठल्याच कागदात नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, दोन दिवस द्या मला. डबाही राहू दे."

मुलांनो, आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. तुमच्या आईच्या लग्नातल्या पातेल्यांवर आहे, तसं. कारागीर मशिनच्या सुईने ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरतो. लग्नाकार्यात गावभरची भांडी एकत्र येतात, मग आपलं कोणतं हे कळायला नको? या डब्यावरही नाव होतं, पण कोणीतरी कानशीने घासून काढलं होतं. अक्षर एकही उरलं नव्हतं. फक्त नाव संपतं तिथे ठिपक्यांचं पाच पाकळ्यांचं बारीक फूल राहून गेलं होतं. घासणाऱ्याला ते नक्षी वाटलं असेल. ती त्या कारागिराची खूण होती.

मी परत गावात गेले आणि दारोदार पाणी मागितलं. तेव्हा लोक तांब्या कट्ट्यावर ठेवून दहा हात मागे सरत. पण पोलिसाला द्यायचा तांब्या घरातला चांगलाच निघतो, लग्नातला. सात घरांत पाणी प्याले, ते फूल कुठल्याच तांब्यावर नव्हतं. आठवं घर आबांचं. तांब्यावर नाव होतं, आणि शेवटी पाच पाकळ्यांचं फूल.

आबा वेशीवर होते. त्यांची बायको, काकू, अंगणात होत्या. मी पिशवीतून डबा काढून तांब्याशेजारी ठेवला आणि गप्प बसले. चौकशीत गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली होती.

"आमच्यात असला डबाच न्हाई," काकू म्हणाल्या. मग, "व्हता, त्यो भंगारात दिला." मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

कोणीतरी वर्दी दिली असावी, आबा लगबगीने आले. डबा पाहिला आणि बायकोच्या आणि माझ्या मधे उभे राहिले.

"तिला काय बी इचारू नगा. नाव मी खरवाडलंय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तीस वरीस रोज चार भाकऱ्या बघतोय मी. त्या दिशी सा व्हत्या. मला मोजता येत न्हाई व्हय?" ते ओट्यावर टेकले. "वेशीवरनं त्याला मीच म्हागं धाडला. हात जोडून धाडला. गावात म्हातारी माणसं, ल्हान पोरं. मीच नेम केला, मीच कसा मोडू? पर हिनं डबा भरल्याला बघितला आन् म्हणलं, सापडली तर गाव हिला वाळीत टाकंल. सकाळच्या पारी कानस घेतली. नाव माजंच व्हतं की."

"मग नंतर काय बोललात तुम्ही दोघं?"

"काय बोलायचं?" काकू पदराआडून म्हणाल्या. "मांडणीवर डबा घासल्याला दिसला. म्या भरला."

"आणि त्याच्या आईला का नाही सांगितलं?"

"त्योच म्हणला, काकू, आयला सांगू नगा. ती पळत यील. तिला दमा हाय."

मी त्या आईला बोलावून घेतलं. दोघींची दारं समोरासमोर होती. ती आली, डबा पाहिला, काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडण सोडवावं लागणार.

"माज्या दारावरनं न्हेत व्हतीस," ती म्हणाली.

"व्हय."

"मी दारातच बसल्याली असायची."

"व्हय गं."

आबा जमिनीकडे बघत होते. मग ती अंगणाच्या मधोमध, दोघींत पुरेसं अंतर ठेवून बसली. "काय काय दिलंस?"

काकूंनी सांगितलं. पहिल्या दिवशी भाकरी आणि शेवग्याची आमटी. दुसऱ्या दिवशी पिठलं, खर्डा. तिसऱ्या दिवशी त्याने मागितलं म्हणून दही.

"त्याला दही आवडतंय," आई म्हणाली.

"चवथ्या दिशी ताप व्हता. भाकरी गिळंना. मग दूधभात दिला. समदा खाल्ला न्हाई. पर खाल्ला."

"साखर घातलीस?"

"घातली."

त्या बाईने मान हलवली. तेव्हा कुठे ती रडली.

रस्ता अडवणं, रोगी लपवणं, खोटं सांगणं, कलमं लावायची तर पुष्कळ होती. मी स्टेशन डायरीत चार ओळींची नोंद केली आणि त्या घराबद्दल काही लिहिलं नाही. चार दिवसांत कोणी आम्हाला फोन केला असता तर तो मुलगा कदाचित वाचला असता, हेही खरं आहे. त्यामुळे मी बरोबर केलं की चूक, ते आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी तुमचे आजोबा गेले. मी गणवेशात रुग्णालयाच्या दाराबाहेर उभी होते, मला आत सोडलं नाही. विमानं बंद होती, तुमची आई तिकडे अडकलेली. तिने फोनवर एकच विचारलं, "आई, बाबांनी शेवटी काही खाल्लं होतं का गं?" एवढी वर्षं तपास केले, पण घरचा हा एक प्रश्न मला सोडवता आला नाही. मी तिला वाटेल ते सांगू शकले असते. सांगितलं नाही. अजूनही दुपारी दूधभात कालवताना हात थांबतो.

त्या डब्याच्या प्रकरणाआधी मला वाटायचं, तपास म्हणजे कोणी केलं ते शोधणं. त्या अंगणात कळलं, समोरच्या माणसाला काय कळायला हवं आहे ते आधी विचारावं. ते बहुधा कागदावर नसतं आणि बहुधा फार लहान असतं.

गेल्या दिवाळीत गावात जाऊन आले. वेशीवर जिथे बाभळी टाकल्या होत्या तिथे आता एक खोली आहे. खाट, दिवा, मोरी, पाण्याची टाकी. बाहेरून कोणी आजारी आला तर त्याला परत पाठवायचं नाही, असं गावाने ठरवलं आहे. बोलणं आबांनीच काढलं होतं. आबा आता नाहीत.

डबा त्या आईकडे आहे. काकूंनी तिला देऊन टाकला. बाजारात नेऊन तिने त्यावर पुन्हा नाव घालून घेतलं. आबांचं नाही, तिच्या मुलाचंही नाही. काकूंचं. घासलेल्या जागेवर अक्षरं जरा वाकडी आली आहेत, पण वाचता येतात.