ओट्यावरची अशोकाची फांदी

थांबा, हे आत्ताच सांगते! गंगाखेडला आमच्या शेजारच्या ख्रिश्चन काकू दर नाताळात नाताळचं झाड म्हणून अशोकाची फांदी कुंडीत रोवून ओट्यावर सजवतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिवाळ्यात बी हिरवंच ऱ्हातं ना हे? म्हंजे देवानं दिलेला जीव मरत न्हाई. वरची चांदणी येशूच्या जन्माची."

आज मोटरसायकलीवर पोरं आली. "ए काकू, हे आत घे, न्हाईतर मोडून टाकतो!" मी आमच्या दारातून बघत होते. काकूंनी चांदणी सरळ केली अन् म्हणाल्या, "मोडा बाबांनो, पण आधी करंजी खा."

"संध्याकाळी बघतो," म्हणून पोरं गेली. आता काकू घाबरून दाराआड बसल्यात, पण झाड काही आत घेईनात. तुमच्या शेजारी असं झालंय का? तुमी काय केलं?