एका डब्याला दोन कॅसेटी

मिलला कुलूप लागलं आणि आमचे हे घरी बसले. आधी रोज गेटावर जाऊन यायचे, काही कळतं का बघायला. मग गेटावर जाणं पण सुटलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला कोण नोकरी देणार. गोपाळ मंदिराजवळून स्टीलची भांडी उधारीवर आणली आणि बोहारणीचा धंदा चालू केला. जुने कपडे घ्यायचे, भांडं द्यायचं. गल्लीगल्लीत फिरत नव्हते, आमच्याच दारात मांडून बसायची. इथं हिंदी मुलखात मराठी घरातली सून भांड्यांवर कपडे घेते म्हणून धाकट्या दिरांना लाज वाटायची. ते बँकेत होते. घर एकच, आम्ही खाली, ते वर. जिना माझ्या दारावरून जायचा. ते मान खाली घालून चढायचे.

सिंहस्थ होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हा पोरांना टीव्हीवरच्या गेमचं वेड लागलं होतं. एक डबा टीव्हीला जोडायचा, त्यात पिवळी नाहीतर काळी कॅसेट खोचायची, की पडद्यावर माणसं उड्या मारायला लागायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मार्चमधे एक बाई आली, शेजारच्या गल्लीतली. शर्ट-पँटचं गाठोडं घेऊन आली, आणि त्याच्यावर दोन कॅसेटी ठेवल्या.

"ये भी रख लो. परचे सिर पर हैं और लड़का इसी में घुसा रहता है."

मी म्हटलं, "इसका मैं क्या करूँ, बाई? ये तो पहनने के भी काम का नहीं."

"कुछ भी दे दो. घर से बला टले."

मी तिला एक झाकणाचा डबा दिला. ती खूश होऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिची देवरानी आली, मग तिची पडोसीण. परीक्षा आली की आयांना ती कॅसेट डोळ्यासमोर नको असते. आणि सुट्ट्या लागल्या की तीच पोरं कॅसेट शोधत दारोदार फिरतात. हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. मार्चमधे घ्यायच्या, मेमधे विकायच्या.

भाव मी भांड्यात धरायची. लेबल कोरं करकरीत असेल, चित्र साफ दिसत असेल, तर दोन कॅसेटींना एक डबा. लेबल फाटलं असेल तर वाटी. लेबलच नसेल तर चमचा, आणि तो पण मन असलं तर. आत किती गेम आहेत ते मी बघत नव्हते. लेबलावर नऊवर नऊ छापलेले असायचे आणि आत तेच चार गेम फिरून फिरून यायचे, हे पोरांनाही माहीत होतं. तरी पोरगं लेबल बघूनच हात घालायचं. म्हणून माझ्यासाठी सगळा माल म्हणजे लेबल.

एका पातेल्यावर मला गेमचा डबाही मिळाला. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला हे तो जोडायचे आणि एकेक कॅसेट तपासायचे. नाही चालली तर फुंकर मारायची, खोडरबराने पिना घासायच्या, परत लावायची. मोटरसायकलचा गेम लागला की हे चहा पण विसरायचे. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा हे कोणत्या तरी कामाला वेळेवर बसलेले मी पाहिले. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात डाळ दोन्ही वेळेला शिजली.

वरून जाऊबाई सगळं बघत होत्या. जाऊ धाकटी, पण मी तिला अहोजाहो करायची. ती बी.ए. झालेली. सासूबाई असताना त्यांनी वरचा मजला तिला दिला, कारण तिथं हवा येते आणि तिला हवा लागते. मला हवा लागत नव्हती असं काही नव्हतं. तिच्याकडे रंगीत टीव्ही, तिच्याकडे फोन, तिच्याकडे गॅसचे दोन सिलिंडर. तिच्या कुकरची शिटी झाली की मला खाली कळायचं आज तिच्याकडे काय आहे. मी तोंडाने कधी काही बोलले नाही. पण पोटात एक विस्तव असायचा, तो राखेखाली ठेवून मी दिवस काढत होते.

दिवाळीनंतर तिने वरच्या पुढच्या खोलीत एक काचेची अलमारी आणून ठेवली. आत ट्यूबलाइट. मला वाटलं, बाहुल्या ठेवेल. तिने कॅसेटी ठेवल्या. ओळीने, लेबल पुढे करून, खाली इंग्रजीत नाव लिहून.

खाली येऊन मला म्हणते, "वहिनी, तुमच्यामुळेच सुचलं बघा. दुपारी नुसतं बसून बसून कंटाळा येतो ना."

मी म्हटलं, "छान केलंत."

"तुम्हाला राग नाही ना आला?"

"राग कशाचा. घर एकच आहे."

तिचा टाइमपास होता, माझी डाळ होती. पण हे बोलायचं कसं? बोललं की हात पसरल्यासारखं होतं.

पुढच्या मार्चमधे आया आल्या, त्या जिना चढून वर गेल्या. जाऊबाई रोख द्यायच्या. मी डबा द्यायची. आता प्रत्येकीच्या घरात डबे भरपूर झाले होते. मेमधे पोरं आली, ती पण वर. चपला माझ्या दारासमोर काढायची आणि धडधड जिना चढायची. वर रंगीत टीव्हीवर लावून बघायला मिळायचं. खाली आमच्याकडे लाल मोटरसायकल पण काळीच दिसायची. संध्याकाळी मी त्या चपला बाजूला सारून ओटा झाडायची. एखाद्या पोराला विचारलं, "क्यों रे, मेरे पास भी है, देख तो ले," तर म्हणायचं, "अम्मा, ऊपर वाली आंटी के पास नए वाले हैं."

नवे कुठले? माझ्याच गिऱ्हाइकांनी तिला विकलेले जुनेच होते. काचेत ठेवले म्हणून नवे झाले.

मी तेव्हा ठरवलं, चांगला माल विकायचाच नाही. कोऱ्या करकरीत लेबलांच्या सगळ्या कॅसेटी वेगळ्या काढल्या आणि माझ्या लग्नातल्या लोखंडी पेटीत भरल्या. किंमत येईल तेव्हा काढू. पण आमची खालची खोली ओलसर. पावसाळ्यात कसर लागते. आदल्या पावसाळ्यात काही लेबलांच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या, त्या कॅसेटी चमच्याच्या भावात गेल्या होत्या. म्हणून आईने मला जसा शालू ठेवायला शिकवला होता तशाच मी त्या ठेवल्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यात एकेक गुंडाळली, थर लावले, प्रत्येक थरात डांबरगोळ्या टाकल्या. गोळ्यांत मी कंजुषी केली नाही. वर यांचा स्वेटर, त्याच्यावर परत गोळ्या. पेटी बंद केली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधे ठेवली, तिथं ओल नव्हती. आईने सांगितलेलं, पेटी सारखी उघडायची नाही, गोळ्यांचा दम निघून जातो. मी उघडली नाही. पावसाळा गेला, थंडी गेली, होळी झाली. जिन्यावर चपलांचा आवाज आला की मनात म्हणायची, जाऊ द्या वर, माझी पेटी आहे.

तेवढ्यात फ्रीगंजच्या बाजारात एका शेठने गेमचं दुकान टाकलं. नवे डबे, नव्या कॅसेटी, दोन टीव्ही. त्याला जुन्या कॅसेटींचा एक कोपरा पाहिजे होता, कारण नव्या घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते. त्याने निरोप पाठवला, आमच्या घरात दोघींकडे माल आहे असं ऐकलं, येऊन बघतो. जिचा माल चांगला तिचा सगळा घेईन, आणि माल जिचा तीच कोपऱ्यावर बसेल, महिन्याचा पगार देईन.

हे म्हणाले, "आपलं होईल का गं?"

मी म्हटलं, "होईल. वरच्यांना कशाला पाहिजे पगार?"

तरी झोप लागली नाही. मला फ्रीगंजमधली ती खुर्ची दिसत होती. पंख्याखालची खुर्ची, महिना भरला की हातात पाकीट. आणि खरं सांगायचं तर पाकिटापेक्षा जास्त मला हे पाहिजे होतं की जाऊबाईंनी जिन्यावर उभं राहून मला जाताना बघावं.

शेठ आला तो आधी माझ्याकडेच आला, दार आधी माझं. मी शेडमधून पेटी ओढून आणली होती, वरून ओल्या फडक्याने पुसली होती. जाऊबाई जिन्याच्या पायरीवर उभ्या. मी झाकण उघडलं.

वास असा आला की शेठने नाकाला रुमाल लावला. "क्या है ये, अम्मा?"

"कुछ नहीं, डांबर की गोली है. कीड़ा न लगे."

मी पहिली कॅसेट काढली. फडकं सुटेना. ओढलं तर लुगड्याची वीण कॅसेटवर छापली गेलेली, जसं गरम पोळीवर कापड चिकटावं. लेबल माझ्या अंगठ्याबरोबर सरकत खाली आलं. दुसरी काढली, ती तिसरीला चिकटलेली. शेठने एक हातात घेतली, नख दाबलं. नखाची खूण तशीच राहिली.

"अम्मा, ये तो गल गई. गोली ने प्लास्टिक खा लिया."

मी म्हटलं, "ऊपर की होंगी. नीचे देखो." खालच्या थरात गोळ्या जास्त होत्या. मी शेवटपर्यंत काढत गेले. हे मागे उभे होते, ते म्हणाले, "अगं बस." मी थांबले नाही. शेवटची काढली आणि सगळ्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवली.

जिन्यावरून जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, प्लास्टिकला कसर लागते का हो?"

हसत नव्हती ती. पण हसली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "कागदाला लागते. कागद वाचवत होते."

शेठ भला माणूस. पेटीचं झाकण स्वतःच लावलं आणि वर गेला. मी तिथंच बसले. वरून गेमचं वाजणं ऐकू येत होतं, टीं टीं टीं, एक कॅसेट लावली, चालली, दुसरी लावली, चालली. एकही फुंकर मारावी लागली नाही. मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, ही बंद पडो. पडली नाही. मग कपबशांचा आवाज आला. मग शेठ उतरला, मला हात जोडले आणि गेला.

यांनी ब्लेडने कॅसेटी खरवडून बघितल्या. काही चालत होत्या. पण बिन लेबलाच्या, बोटांच्या खुणांच्या कॅसेटी कोण घेणार. वाटीच्या खाली गेला भाव, चमच्याच्या पण खाली.

जाऊबाई फ्रीगंजच्या त्या खुर्चीवर बसायला लागल्या. रोज साडी बदलून जायच्या. मी ओट्यावरून बघायची. मला वाटलं होतं ती जिन्यावर उभी राहील आणि मी जाईन. उलटं झालं, तर उलटं बघायची सवय करून घेतली.

पावसाळ्यापर्यंत तिचा कंटाळा परत आला. टेम्पोत धक्के बसतात, पोरं अंगावर येतात, दुपारी झोप होत नाही. एक दिवस खाली आली, माझ्या उंबऱ्यावर बसली. असं ती कधी बसली नव्हती.

"वहिनी, तुम्ही बसाल का माझ्या जागी? शेठला मी सांगते. मी सकाळचा थोडा वेळ जाईन, बाकी तुम्ही. पगारातला अर्ध्यापेक्षा जास्त तुमचा. काय लागतं, नुसतं बसायचं."

मी तिच्याकडे बघितलं. मला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. आत हे भिंतीला टेकून बसले होते आणि डब्यात तांदूळ तळाला गेले होते.

मी म्हटलं, "कधीपासून?"

"उद्यापासून या ना."

मग पुढची काही वर्षं मी फ्रीगंजला त्या पंख्याखाली बसले. कॅसेटी उघड्या ठेवायच्या, रोज कोरड्या फडक्याने पुसायच्या, दुसरं काही करायचं नाही. भाव जाऊबाईंनी लिहून चिकटवलेले असायचे. पगार शेठ तिला द्यायचा, ती वरून खाली द्यायची, पाकिटात घालून. कधी कमी दिला नाही. कधी उशीर केला नाही. हे पण मला बोचायचं. काही खोट सापडली असती तर मन थोडं हलकं झालं असतं.

पोरगं यायचं, काउंटरवर कोपर टेकायचं आणि माझ्या मागे बघायचं.

"मैडम नहीं हैं क्या?"

"सुबह आती हैं. बोल, क्या चाहिए?"

"उनसे ही पूछना था. मोटरसाइकिल वाली में कौन सी अच्छी है."

त्यातलं मला सगळं माहीत होतं. यांनी घरात बसून इतक्या चालवल्या होत्या. मी बरोबर ती काढून पुढे ठेवायची. पोरगं ती हातात घ्यायचं, उलटी-पालटी करायचं, आणि परत ठेवायचं.

"सुबह आऊँगा," म्हणायचं.

"आ जाना," मी म्हणायची, आणि ती कॅसेट पुसून जागेवर लावायची.